हिमवादळात अडकलेले टपाल: औषध, अर्ज आणि लॅपटॉप वाटेत असताना काय करावे?

हिवाळवाट (प्रश्न)

नमस्कार. आमच्या भागात गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस हिमवादळ झाले आणि त्याच्या पाठोपाठ एक रात्र गोठणारा पाऊस, म्हणजे टेकताच बर्फ होणारा पाऊस, पडला. आता मुख्य रस्ते मोकळे झाले आहेत, लोक कामावर जाऊ लागले आहेत, पण टपाल मात्र सहा दिवसांपासून आलेले नाही. माझ्या तीन गोष्टी वाटेत अडकल्या आहेत आणि तिन्हींची काळजी वेगवेगळ्या प्रकारची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट वडिलांच्या इन्सुलिनची. ते दर तीन महिन्यांनी पार्सलने येते. या वेळी ते वादळाच्या आदल्या दिवशी निघाले आणि तेव्हापासून ट्रॅकिंगवर एकाच केंद्राचे नाव दिसत आहे. घरात असलेले इन्सुलिन आणखी पाच दिवस पुरेल. दुसरी गोष्ट म्हणजे एका कार्यालयाकडे पाठवलेला सही केलेला अर्ज. त्याची मुदत येत्या शुक्रवारी संपते आणि रजिस्टरने पाठवूनही तो पोहोचल्याची नोंद नाही. तिसरी गोष्ट मुलीच्या लॅपटॉपची. दुरुस्तीला दिलेला तो लॅपटॉप परतीच्या वाटेवर आहे आणि रात्रीचे तापमान उणे अठरा अंशांपर्यंत उतरते आहे.

माझे प्रश्न असे आहेत. रस्ते मोकळे झाल्यावरही पार्सले जागची हलत का नाहीत? ट्रॅकिंग इतके दिवस स्थिर राहिले म्हणजे पार्सल हरवले असे समजावे का? इन्सुलिन आले तरी ते वापरण्याजोगे असेल का? अर्जाबाबत आता काही करता येईल का? मी रोज दोन वेळा ग्राहक सेवेला फोन करते आणि रोज तेच उत्तर ऐकते. वडिलांना मात्र मी "येईल उद्या" असे सांगत राहते, आणि ते आता मला पटेनासे झाले आहे.

जुना सॉर्टर

मी निवृत्त होईपर्यंत टपालाच्या वर्गीकरण केंद्रात काम केले आहे आणि असे अनेक हिवाळे आतल्या बाजूने पाहिले आहेत. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. इन्सुलिनबद्दल जाणकारांनी लिहावे, पण त्यासाठी पार्सलची वाट पाहत बसू नका, एवढे मी आधीच सांगतो.

आपल्याला खिडकीतून दिसतो तो रस्ता हा टपालाच्या प्रवासातला अगदी शेवटचा टप्पा असतो. त्याआधी पार्सल एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात, बहुतेक वेळा रात्रीच्या विमानाने किंवा लांब पल्ल्याच्या ट्रकने जाते, आणि या मधल्या वाटेवर कुठेही बर्फ असला तरी तुमच्या दारी टपाल येत नाही, मग तुमच्या गावात ऊन पडलेले असो. मोठ्या वाहतूक कंपन्या आपले बहुतांश हवाई पार्सल एक-दोन महाकेंद्रांत गोळा करतात आणि तिथून सगळीकडे पाठवतात. अमेरिकेत फेडेक्सचे असे केंद्र मेम्फिसला आणि यूपीएसचे लुईव्हिलला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळाने या दोन्ही शहरांना गाठले तेव्हा कोविड लशीचे सुमारे ६० लाख डोस लांबणीवर पडले आणि त्याची झळ अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांना लागली, ज्यांतल्या कित्येक ठिकाणी त्या दिवसांत बर्फाचा मागमूसही नव्हता.

विमान उडण्यापूर्वी त्याच्या पंखांवरचा बर्फ गरम ग्लायकोल-मिश्रित पाण्याच्या फवाऱ्याने काढावा लागतो. फवारणीनंतर पंख किती मिनिटे स्वच्छ राहतील याचा हिशोब ठरलेला असतो, आणि गोठणाऱ्या पावसात ती मुदत फारच थोडी असते. तेवढ्यात धावपट्टी मिळाली नाही तर विमान पुन्हा मागे नेऊन पुन्हा फवारणी करावी लागते. ट्रकचीही तीच कथा. फार थंडीत डिझेलमधले मेण स्फटिकासारखे जमू लागते आणि इंधनाचा फिल्टर तुंबतो. रस्त्यावर टाकलेले साधे मीठ उणे नऊ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या रात्री मीठ टाकूनही रस्ता काचेसारखाच राहतो. शिवाय चालकाने सलग किती तास गाडी चालवायची याला कायद्याची मर्यादा असते. बंद महामार्गावर अडकून त्याचे तास संपले की रस्ता उघडल्यावरही तो लगेच निघू शकत नाही, आणि त्याची जागा घेणारा चालक त्याच बर्फात कुठेतरी अडकलेला असतो.

आता साचलेल्या टपालाचा हिशोब पाहा, कारण बाहेरच्या माणसाला नेमका हाच दिसत नाही. समजा, एखाद्या केंद्रात रोज शंभर थैल्या येतात आणि सगळी माणसे कामावर असली तर एकशे दहा थैल्या निपटतात. केंद्र तीन दिवस बंद राहिले की तीनशे थैल्या साचतात. चौथ्या दिवशी काम सुरू झाले तरी त्या दिवसाच्या नव्या शंभर थैल्या येतातच, म्हणजे जुन्यांपैकी फक्त दहा कमी होतात. या गतीने साठा संपायला महिना लागेल. जादा पाळ्या लावून रोज दीडशे थैल्या काढल्या तरी सहा दिवस लागतात. म्हणून तीन दिवसांच्या वादळाचा उशीर नऊ-दहा दिवस टिकतो, आणि त्यात कुणाचा आळस नसतो. उलट त्या दिवसांत माणसे बारा-बारा तास उभी असतात.

यात आणखी एक गोष्ट घडते आणि तिचे मला नेहमी वाईट वाटे. वादळात आलेले ट्रक केंद्राच्या आवारात एकामागे एक उभे केले जातात. आवार मोकळे होऊ लागले की सर्वांत शेवटी आलेला ट्रक बाहेरच्या बाजूला, म्हणून हाताला आधी लागतो. त्यामुळे नंतर पाठवलेले पार्सल आधी पोहोचते आणि वादळाच्या आदल्या दिवशी निघालेले आवाराच्या तळाशी राहते. तुमचे इन्सुलिन वादळाच्या आदल्या दिवशी निघाले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

ट्रॅकिंगबद्दल एवढे लक्षात ठेवावे की पार्सलला कुणीतरी हात लावून स्कॅन करते तेव्हाच नवी नोंद होते. न उघडलेल्या ट्रकमधल्या पार्सलची नोंद होऊ शकत नाही. सहा दिवस एकच नोंद दिसणे याचा अर्थ बहुधा ते पार्सल सहा दिवस कुणाच्या हाती आलेले नाही, एवढाच असतो. नोंद पुढे सरकून पुन्हा मागच्या केंद्राची दिसली, किंवा "बटवड्यासाठी बाहेर" अशी नोंद होऊन दोन-तीन दिवस काहीच घडले नाही, तर मात्र लेखी तक्रार करावी. रोजच्या फोनचा उपयोग नाही, कारण फोन घेणाऱ्यासमोरही तुम्हाला दिसतो तोच पडदा असतो. एकदाच लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

दोन गोष्टी टाळाव्यात. वाटेतल्या पार्सलचा पत्ता बदलू नये, कारण असे पार्सल यंत्राच्या रांगेतून बाहेर काढून हाताने हाताळावे लागते आणि या दिवसांत हातांचीच कमतरता असते. आणि उशीर झाला म्हणून तीच वस्तू त्याच मार्गाने पुन्हा मागवू नये. ती त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहते.

औषधपेटी

मी फार्मासिस्ट आहे. हिवाळवाट, तुमच्या संदेशातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य "पाच दिवस पुरेल" हे आहे, म्हणून बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तेवढेच बोलते.

पार्सल येईल असे धरून चालू नका. आजच वडिलांच्या डॉक्टरांना फोन करा आणि जवळच्या औषध दुकानासाठी थोड्या दिवसांचे स्वतंत्र प्रिस्क्रिप्शन मागा. पुष्कळ ठिकाणी आधीचे प्रिस्क्रिप्शन दाखवून आणि अडचण समजावून सांगून फार्मासिस्टकडून तात्पुरता साठा मिळू शकतो, पण नियम जागोजागी वेगळे असल्यामुळे हे आधी विचारून ठेवावे. जवळच्या दुकानात नेमके तेच इन्सुलिन नसेल तर दुसऱ्या प्रकारावर स्वतःच्या विचाराने जाऊ नये, कारण प्रकार बदलला की परिणामाची वेळ आणि मात्रा बदलते आणि तो निर्णय डॉक्टरांचाच आहे. पुरवून वापरायचे म्हणून डोस कमी करणे तर अजिबात नको. घरातली माणसे प्रेमापोटी असे करतात आणि चार दिवसांनी रुग्णालय गाठावे लागते.

आता पार्सलमधल्या इन्सुलिनबद्दल. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नाही, कारण गोठताना त्यातल्या प्रथिनाची रचना बिघडते आणि ते किती काम करेल याचा भरवसा राहत नाही. लोक विचारतात की बघून कळते का. दुधाळ दिसणाऱ्या प्रकारात कधी गुठळ्या दिसतात, काचेला कण चिकटलेले दिसतात, पण पारदर्शक प्रकार गोठून वितळल्यावरही पूर्वीसारखाच स्वच्छ दिसू शकतो. म्हणून दिसण्यावर जाऊ नका. खोक्यात तापमान दाखवणारी पट्टी असेल तर ती पाहा. नसेल, आणि पार्सल उणे अठरा अंशांच्या रात्री ट्रकमध्ये राहिल्याचे ट्रॅकिंगवरून दिसत असेल, तर पुरवठादाराला कळवून बदली मागा. पार्सल आल्यावर खोके, आतली पॅकिंग आणि ट्रॅकिंगचा पडदा यांचे फोटो लगेच काढून ठेवा. आणि गारठलेले औषध ऊब द्यावी म्हणून हीटरजवळ ठेवू नका, कारण उष्णतेनेही इन्सुलिन तितकेच खराब होते.

या निमित्ताने एक जुनी हकीकत सांगते, कारण तिचा आधार घेऊन कुणी मला "पूर्वी गोठलेले औषध चालतच होते ना" असे विचारले आहे. जानेवारी १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ पसरू लागली. समुद्र गोठलेला, विमानाची सोय नाही, म्हणून प्रतिविषाचे पार्सल नेनाना या गावापर्यंत रेल्वेने आणि तिथून सुमारे १,०८५ किलोमीटर कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून नेण्यात आले. वीस चालकांनी ते एकमेकांच्या हाती देत साडेपाच दिवसांत पोहोचवले. २ फेब्रुवारीला ते नोममध्ये पोहोचले तेव्हा गोठलेले होते आणि वितळवल्यावर कामी आले. त्या माणसांबद्दल आणि कुत्र्यांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण ते प्रतिविष होते, त्या गावापाशी दुसरा मार्ग नव्हता आणि धोका पत्करणे भाग होते. इन्सुलिनच्या बाबतीत हा धडा लागू होत नाही.

इतरांसाठीही थोडे. कोरड्या गोळ्या आणि कॅप्सूल यांना थंडीने सहसा काही होत नाही. पातळ औषधे, डोळ्यांचे थेंब, इंजेक्शने आणि ॲलर्जीसाठी जवळ बाळगायची ॲड्रिनॅलिनची तयार सिरिंज गोठल्याचा संशय असेल तर विचारल्याशिवाय वापरू नये. दम्याचा पंप गारठला की आतला दाब कमी होतो आणि फवारा कमी निघतो. तो हातात धरून खोलीच्या तापमानाला आणावा. आणि ज्यांची औषधे पार्सलने येतात त्यांनी हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना सांगून पुढचा साठा दोन-तीन आठवडे आधी घेण्याची सोय करून घ्यावी. हवामान खात्याचा इशारा आल्यावर ही धावपळ सुरू केली तर तुमच्यासारखीच आणखी कित्येक माणसे त्याच दिवशी फोन लावत असतात.

हिवाळवाट

औषधपेटी, तुमचे उत्तर वाचून लगेच डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी दुकानात दहा दिवसांचा साठा मिळेल असे कळले आहे. खरे सांगायचे तर हे चार दिवसांपूर्वीच करायला हवे होते. मी सगळा वेळ पार्सल शोधण्यात घालवला आणि औषध दुसरीकडून मिळते का हे शोधलेच नाही.

कागदकाम

मी अर्ज स्वीकारणाऱ्या एका कार्यालयात काम करतो, म्हणून मेजाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

मुदतीचे दोन प्रकार असतात आणि लोक त्यात गफलत करतात. काही ठिकाणी टपालात टाकल्याची तारीख धरली जाते, म्हणजे पाकिटावरचा शिक्का मुदतीच्या आतला असला की अर्ज उशिरा पोहोचला तरी चालतो. काही ठिकाणी कार्यालयात पोहोचल्याची तारीख धरली जाते आणि तिथे रजिस्टरची पावती असूनही उपयोग होत नाही. तुमच्या अर्जावरच्या सूचना शब्दशः वाचा. "पाठवावा" आणि "पोहोचला पाहिजे" या दोन शब्दप्रयोगांत सगळा फरक आहे.

दुसरा प्रकार असेल तर शुक्रवारची वाट न पाहता आजच कार्यालयाला लेखी कळवा. त्यात रजिस्टरचा क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि ट्रॅकिंगची शेवटची नोंद द्यावी, सही केलेल्या अर्जाची स्कॅन केलेली प्रत जोडावी, आणि मूळ प्रत येईपर्यंत ही प्रत मुदतीच्या आत मिळाली असे धरावे, अशी स्पष्ट विनंती करावी. मुदत संपण्यापूर्वी आलेली विनंती आणि संपल्यानंतर आलेली सबब यांच्याकडे आम्ही एकाच नजरेने पाहू शकत नाही, मग कारण कितीही खरे असो. मुदतीआधी विनंती आली तर आमच्या अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला वाव असतो, नंतर बहुधा नसतो. फोनवर कुणी "चालेल" असे म्हणाले तर त्यांना तेवढेच एका ओळीत लिहून पाठवण्याची विनंती करा. मी स्वतः फोनवर चांगल्या मनाने असे "चालेल" म्हटलेले आहे आणि नंतर वरिष्ठांनी ते मान्य केलेले नाही. त्या अर्जदाराला तोंड दाखवणे मला जड गेले होते.

बिले आणि हप्ते यांच्या बाबतीत बिल टपालाने आले नाही म्हणून ते भरण्याची जबाबदारी सहसा टळत नाही. वादळाच्या महिन्यात बिलाची रक्कम ऑनलाइन पाहून भरावी आणि चेक टपालाने पाठवणे टाळावे. चेक वाटेत अडकला तर विलंब शुल्क लागते, आणि तो रद्द करून दुसरा पाठवला तर कुठला वटेल याची टांगती तलवार राहते.

घरून विक्री

मी हाताने बनवलेल्या वस्तू घरून विकते आणि हिवाळ्यात माझे अर्धे काम पार्सलांच्या मागे धावण्याचे असते. लॅपटॉपबद्दल अनुभवावरून आणि नंतर माहिती करून घेतलेल्यावरून सांगते.

बंद असलेला लॅपटॉप थोडे दिवस थंडीत राहिल्याने सहसा बिघडत नाही. बिघडतो तो घरात आणल्यावर केलेल्या घाईने. गारठलेले उपकरण उबदार खोलीत उघडले की हवेतली वाफ त्याच्या आतल्या भागांवर पाणी होऊन बसते, चश्म्याच्या काचेवर बसते तशी, आणि तशात ते सुरू केले तर शॉर्ट होऊ शकते. म्हणून पार्सल आल्यावर खोके न उघडता तसेच रात्रभर खोलीत ठेवावे. पिशवीत गुंडाळलेले असेल तर पिशवीही काढू नये, म्हणजे वाफ पिशवीच्या बाहेर जमते. दुसऱ्या दिवशी सुरू करावे. आणि पूर्ण ऊब आल्याशिवाय चार्जर लावू नये. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज केली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो, तो परत जात नाही आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. मुलीला हे आजच सांगून ठेवा, कारण पार्सल आल्यावर तिला धीर धरवणार नाही.

पाठवणाऱ्यांसाठीही लिहिते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून काचेच्या बाटलीतले पातळ पदार्थ, पाण्यात कालवलेले रंग आणि गोंद मी कडक थंडीत पाठवतच नाही. रंग गोठून वितळला की दह्यासारखा फुटतो आणि घोटूनही पूर्ववत होत नाही. चिकटपट्टी खोक्याला उबदार खोलीतच लावावी. गारठलेल्या पुठ्ठ्यावर ती धरत नाही आणि खोके वाटेत उघडते. इंकजेटवर छापलेला पत्ता ओलाव्यात पसरतो, म्हणून लेझरवर छापावा किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहावा, आणि पत्त्याची दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत टाकावी. बाहेरचा पत्ता निघून गेला तरी आतल्या चिठ्ठीवरून पार्सल मार्गी लागते.

ग्राहकांना मी आता तारीख देत नाही. हवामानाचा इशारा आला की ज्यांच्या मार्गावर वादळ आहे त्यांना मी स्वतः होऊन लिहिते की वस्तू आज पाठवली तर ती वादळात अडकेल, म्हणून तीन-चार दिवस माझ्याकडेच थांबवू का. बहुतेक जण हो म्हणतात. जुना सॉर्टर यांनी आवारातल्या ट्रकांबद्दल लिहिले ते वाचून मला या सवयीचे कारण आज कळले. वादळानंतर पाठवलेले माझे पार्सल खरोखरच आधी पोहोचत असे. जलद सेवेसाठी जादा पैसे भरतानाही अटी वाचाव्यात. वेळेत पोहोचवण्याची हमी बहुतेक कंपन्या खराब हवामानात लागू ठेवत नाहीत, कारण असे हवामान नैसर्गिक आपत्ती धरले जाते.

बटवडा

मी सध्या पोस्टमन म्हणून बटवड्याचे काम करतो. टपाल केंद्रातून आमच्या हाती आल्यावर मधे फक्त तुमचे दार उरते, आणि तिथेच पुष्कळ टपाल परत जाते. याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही.

पेटीपर्यंतची वाट बर्फाने भरलेली असेल, किंवा पायऱ्यांवर पारदर्शक बर्फाचा थर असेल, तर आम्हाला टपाल परत नेण्याची मुभा असते आणि तसा आदेशही असतो. पाय घसरून मनगट किंवा कंबर मोडलेले सहकारी मी पाहिले आहेत. एक माणूस घरी बसला की त्याचा मार्ग उरलेल्यांत वाटला जातो आणि सगळ्यांचेच टपाल लांबते. म्हणून वाट साफ करताना निदान दोन माणसे शेजारी चालू शकतील एवढी रुंद करावी, नाहीतर पार्सल घेऊन चालताना तोल जातो. साधे मीठ फार थंडीत चालत नाही हे वर आलेच आहे. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड उणे तीस अंशांच्या आसपासपर्यंत उपयोगी पडते. तेही नसेल तर वाळू टाका. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय धरतो. रस्त्याकडेच्या पेटीसमोर गाडी उभी करण्यापुरती जागा मोकळी ठेवावी. बर्फ काढणारी गाडी जाताना रस्त्यावरचा बर्फ बाजूला, नेमका पेटीसमोर लोटते, म्हणून ती गाडी जाऊन गेल्यावर एकदा पुन्हा पाहावे. पेटीचे झाकण गोठून बसले असेल तर ते सैल करून ठेवावे. घराचा क्रमांक बर्फाखाली गेला असेल तर त्यावरचा बर्फ पुसून काढावा, आणि बाहेरचा दिवा अंधार पडल्यावर चालू ठेवावा, कारण या दिवसांत आम्ही रात्री आठ-नऊलाही येतो.

औषधाचे पार्सल असेल तर ते दाराबाहेर ठेवू नये अशी सूचना आधीच द्यावी, किंवा शक्य असल्यास केंद्रावरच राखून ठेवायला सांगून स्वतः घेऊन यावे. ट्रकमध्ये जे वाचले ते दाराबाहेर चार तास पडून गोठले, असे झालेले मी पाहिले आहे.

हिवाळवाट

सर्वांना मनापासून धन्यवाद. आज आठवा दिवस. वडिलांसाठी दहा दिवसांचे इन्सुलिन घरात आले आहे आणि वडील कालपासून शांत झोपत आहेत. पार्सलही काल संध्याकाळी आले. खोक्यात तापमानाची पट्टी होती आणि तिचा रंग बदललेला होता, म्हणून ते न वापरता फोटो काढून पुरवठादाराला पाठवले. त्यांनी बदली मान्य केली आहे, पण ती हवामान निवळल्यावर पाठवा असे मीच सांगितले, आणि नवे पार्सल जवळच्या केंद्रावर राखून ठेवण्याची सूचना दिली.

अर्जावर "पोहोचला पाहिजे" असेच लिहिलेले होते. कागदकाम यांनी सांगितल्याप्रमाणे स्कॅन केलेली प्रत आणि विनंती परवाच पाठवली होती. आज कार्यालयातून एका ओळीचे लेखी उत्तर आले की मूळ प्रत पुढच्या आठवड्याअखेरीपर्यंत आली तर ती मुदतीत धरली जाईल.

लॅपटॉपची नोंद मात्र अजून हललेली नाही. बटवडा, एक विचारायचे राहिले. आमच्या पायऱ्यांवर दगडी फरशी आहे. तिथे कॅल्शियम क्लोराइड टाकले तर फरशी खराब होईल का?

बटवडा

दगड कोणता आहे यावर ते अवलंबून आहे, पण काही दगड आणि सिमेंट यांचे पापुद्रे क्षारामुळे सुटतात, म्हणून फरशीवर वाळूच टाका. बर्फ ताजा असतानाच झाडूने लोटला तर थर बसत नाही आणि क्षाराची गरजही उरत नाही. वाळू पायऱ्यांच्या कडेपर्यंत टाका, कारण उतरताना आमची टाच कडेवरच पडते.

हिवाळवाट

आज सकाळी तसेच केले. वाळू टाकली, पेटीसमोरचा बर्फ काढला आणि झाकण उघडते का ते पाहिले. दिवाही लावून ठेवते आहे.